दुःखाचा अर्थ सांगायचा कोणी?

कुणाच्या घरी अकाली मृत्यू झाला, कुणाला बरा न होणारा आजार निघाला, की एक जुना वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, देवाने हे तुमच्या भल्यासाठीच केले. सोने आगीतूनच शुद्ध होऊन निघते. विश्वास धरा, यातूनच तुमची आध्यात्मिक वाढ व्हायची आहे. दुसरी बाजू म्हणते, ही सगळी मनाची समजूत आहे, माणसाला आहे त्या दुःखाशी जुळवून घ्यायला लावणारी गुंगी आहे. पहिल्यांना वाटते आपण विश्वासाची बाजू लढवतो आहोत, दुसऱ्यांना वाटते आपण बुद्धीची. ज्याच्यावर प्रसंग ओढवला आहे तो मात्र मधे बसलेला असतो, आणि दोघेही त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी भांडत असतात.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. संकटातून माणूस देवाच्या अधिक जवळ जाऊ शकतो, हा ख्रिस्ती विश्वासातला खरा अनुभव आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण ते सांगण्याचा अधिकार फक्त सोसणाऱ्याचा आहे. बाहेरच्याने तेच वाक्य त्याला ऐकवले की ते क्रूर होते, मग त्यामागचा हेतू कितीही चांगला असो. आणि ख्रिस्ती आशा या वाढीच्या भरवशावर उभीच नाही. वाढ झाली नाही, माणूस पार मोडून गेला, तरी ती आशा त्याच्यासाठी असते. या दोन गोष्टींची गल्लत होते म्हणून हा वाद इतका वाईट रीतीने लढवला जातो.

विरोधकांचा सगळ्यात बिनतोड मुद्दा आधी मान्य करू या. दुःखाने माणसे घडतात तशी मोडतातही, आणि मोडणाऱ्यांची संख्या कमी नसते. कुणी कडवट होतो, कुणी व्यसनात बुडतो, कुणाचा विश्वास कायमचा जातो. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये जमणाऱ्या समाजात, आपल्याला साक्षी, म्हणजे देवाच्या मदतीचे स्वानुभव, ऐकू येतात त्या तरून गेलेल्यांच्या. जे बुडाले ते व्यासपीठावर येत नाहीत. मग तरलेल्यांच्या साक्षींवरून ‘दुःख माणसाला उन्नत करते’ असा नियम कसा काढायचा? नाहीच काढता येत. पण हा नियम मुळात ख्रिस्ती शास्त्राने काढला आहे का?

येशूचा प्रेषित पौल याचे बायबलमधले वचन पुढे केले जाते : संकटाने धीर, धीराने शील व शीलाने आशा निर्माण होते. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातले हे शब्द इ. स. 57 च्या सुमारास लिहिले गेले. कुणी लिहिले ते पाहा. हाच माणूस करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आपली यादी देतो : पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीनदा छड्यांचा मार, एकदा दगडफेक, तीनदा गलबत फुटले, एक रात्र आणि एक दिवस भर समुद्रात. हे सगळे अंगावर घेतलेला माणूस संकटांचा अभिमान बाळगण्याविषयी बोलतो तेव्हा तो आपल्याबद्दल आणि आपल्याबरोबर मार खाणाऱ्यांबद्दल बोलतो. त्याच पत्रात तो शरीरातल्या काट्याविषयीही सांगतो. तो काटा जावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही. ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ एवढेच उत्तर मिळाले. आता हेच वचन कागदावर छापून नुकत्याच विधवा झालेल्या बाईच्या हातात ठेवणारा माणूस पौलाच्या जागी उभा आहे का? शब्द पौलाचेच आहेत, पण त्यांची किंमत त्या माणसाने मोजलेली नाही.

योसेफाची कथा याहून स्पष्ट आहे, आणि तिच्याकडे या वादात कुणी नीट पाहत नाही याचे मला वाईट वाटते. भावांनी त्याला खड्ड्यात टाकले, वीस रुप्याच्या तुकड्यांना विकले, पुढे खोट्या आरोपावरून तो तुरुंगात पडला. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात, वडील वारल्यावर घाबरून पाया पडणाऱ्या भावांना तो सांगतो : तुम्ही माझे वाईट योजले होते, पण देवाने त्यातूनच चांगले योजले. दुःखातही देवाचा हात असतो हे सांगण्यासाठी याच वाक्याचा सर्वांत जास्त आधार घेतला जातो. आता क्षणभर हे वाक्य भावांच्या तोंडी घालून बघा. “अरे योसेफा, आम्ही तुला विकले म्हणूनच तर तू मिसर देशाचा अधिकारी झालास!” अंगावर काटा येतो ना? घटना तीच, निष्कर्ष तोच, तरीही योसेफाच्या तोंडी जे क्षमेचे शिखर आहे ते भावांच्या तोंडी निर्लज्जपणाची परिसीमा ठरते. आणि शिखरावर पोहोचायला योसेफालाही वर्षे लागली. मधल्या अध्यायांत तो पुन्हा पुन्हा रडतो, एकदा तर इतक्या मोठ्याने की ते मिसरी लोकांना ऐकू जाते.

इतिहासातही याचे दाखले आहेत. सोळाव्या शतकातला स्पॅनिश संत योहान ऑफ द क्रॉस याला 1577 च्या डिसेंबरात त्याच्याच संघातल्या सुधारणाविरोधी बंधूंनी उचलले आणि तोलेदोच्या मठात एका अरुंद, जवळजवळ अंधाऱ्या खोलीत आठ-नऊ महिने डांबले. तिथे त्याला फटके बसत, अन्न अपुरे मिळे. त्या कोठडीत त्याने ज्या कविता रचल्या त्या आजही ख्रिस्ती गूढवादाचा कळस मानल्या जातात. मग डांबणाऱ्यांचे आभार मानायचे? दुःखातून काही चांगले उगवले म्हणून ते देणारा निर्दोष ठरत नाही, आणि दुःखही चांगले ठरत नाही. त्या कविता कोठडीने लिहिल्या नाहीत. संधी मिळताच, 1578 च्या ऑगस्टमध्ये, योहान तिथून पळून गेला. दुःख हीच देवाची देणगी असती, तर या संताने ती टाकून का पळावे?

इथे पहिल्या बाजूचे लोक एक वजनदार वचन काढतात, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या (हा योहान वेगळा, येशूचा शिष्य) नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू म्हणतो, कुणाचेच नाही. देवाची कार्ये याच्या ठायी दिसावीत म्हणून हे झाले. म्हणजे अंधत्वाला हेतू होता, असे नाही का होत? वचन अवघड आहे, मान्य. पण ते बोलून झाल्यावर येशू काय करतो ते पाहा. त्या आंधळ्याला तो अंधत्वाचे आध्यात्मिक फायदे समजावत बसत नाही. तो जमिनीवर थुंकतो, चिखल करतो, त्याच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला शिलोह तळ्यावर धुवायला पाठवतो. देवाचे कार्य म्हणजे ते बरे करणे. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख येतो. तिथेही तो विचारतो, ते अठरा जण यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होते असे तुम्हाला वाटते काय? तुमच्या वाट्याला आले ते तुमच्या कर्माचे फळ, हा हिशेब त्याने दोन्ही वेळा धुडकावला.

येशूचा मित्र लाजर मेला, त्याच्या कबरेपाशी तर सगळे काही स्पष्ट होते. ‘शेवटी सगळे चांगलेच होणार आहे’ असे म्हणण्याचा हक्क कुणाला असेल तर तो त्या क्षणी येशूला होता, कारण थोड्याच वेळात तो लाजराला उठवणार होता. तरीही लाजराची बहीण मरिया आणि तिच्याबरोबरचे लोक रडताना दिसल्यावर तो रडला. शोक करणाऱ्याला ‘रडू नका, विश्वास ठेवा’ म्हणून गप्प करणाऱ्यांनी ही दोन शब्दांची ओळ कुठे ठेवायची?

दुसऱ्या बाजूचा मोठा आक्षेप गुंगीचा. 1844 मध्ये छापलेल्या लेखात कार्ल मार्क्सने धर्माला लोकांची अफू म्हटले, हे सगळ्यांना पाठ असते. त्याच परिच्छेदात त्याने धर्माला पिडलेल्या जिवाचा उसासा आणि हृदयशून्य जगाचे हृदयही म्हटले आहे, हे सहसा सांगितले जात नाही. तरी आरोप गंभीर आहे, आणि ख्रिस्ती समाजाने त्याला पुरावे भरपूर पुरवले आहेत. चाकरांनी धन्याच्या, अगदी कठोर धन्याच्याही, अधीन राहावे हे पेत्राच्या पहिल्या पत्रातले वचन गुलामांचे मालक शतकानुशतके वापरत आले. सहन करा, स्वर्गात फळ मिळेल. हा उपदेश चाबूक धरणाऱ्याच्या सोयीचा होता, आणि ज्यांनी तो चर्चच्या व्यासपीठावरून केला त्यांनी त्या मारात भाग घेतला असे मी मानतो.

पण मग एका गोष्टीचे उत्तर द्यावे लागते. 1807 साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश वसाहतींतल्या गुलामांसाठी बायबलचे एक खास संक्षिप्त पुस्तक छापले गेले. इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामगिरीतून देवाने सोडवले तो निर्गमातला भाग त्यातून गाळलेला होता. ख्रिस्ती विश्वास नुसती गुंगीच असता तर कात्री कशाला लागली असती? अफूची मात्रा कुणी कमी करत नाही. गुलामांच्या हाती पूर्ण पुस्तक पडले तर ते काय वाचतील हे छापणाऱ्यांना नेमके कळले होते, आणि ज्यांच्या कानी ती कथा पडली त्यांनी तेच केले. गुलामांना पळवून मुक्त प्रदेशात नेणाऱ्या हॅरिएट टबमनला लोक मोशे, म्हणजे इस्राएल लोकांना मिसरमधून बाहेर नेणारा पुढारी, म्हणत ते उगाच नाही.

मार्टिन ल्यूथर किंग यांचे उदाहरण जास्त अवघड आहे. 1963 च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या सभेत ते म्हणाले की, अपराध नसताना सोसलेले दुःख तारक असते. हे वाक्य एखाद्या गोऱ्या सिनेटरने काळ्या श्रोत्यांपुढे उच्चारले असते तर? किंग यांच्या घरावर 1956 मध्ये बॉम्ब पडला होता, ते अनेकदा तुरुंगात जाऊन आले होते, आणि समोर बसलेल्यांनीही तसेच सोसले होते. म्हणून त्यांच्या तोंडी ते वाक्य खोटे वाटत नाही. तीनच आठवड्यांत, 15 सप्टेंबरला, बर्मिंगहॅमच्या एका चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली मेल्या. त्यांच्यापैकी तिघींच्या अंत्यविधीत किंग बोलले तेव्हा त्यांनी आशा सोडली नाही, आणि या हत्या ज्या व्यवस्थेतून घडल्या तिला सोडले नाही. 1964 चा नागरी हक्क कायदा आणि 1965 चा मतदान हक्क कायदा त्या चळवळीच्या रेट्याने आले. दुःखात तारक अर्थ शोधणारी माणसे हात जोडून स्वस्थ बसली नव्हती.

दुःख सोसण्याला मोल आहे, म्हणून ते कमी करण्याची घाई नको, असा तर्क ख्रिस्ती लोकांनीही केला आहे. एडिंबराच्या जेम्स सिम्प्सन या डॉक्टरने 1847 मध्ये बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली तेव्हा स्त्रीने वेदनेतच प्रसवावे हे उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातले वचन आडवे येईल हे त्याने ओळखले. त्याने उत्तरही उत्पत्तीतूनच दिले : आदामाची फासळी काढण्याआधी देवाने त्याला गाढ झोप आणली होती. हा युक्तिवाद शास्त्रार्थाला कितपत टिकतो हा वेगळा प्रश्न. मला त्याची दिशा महत्त्वाची वाटते, कारण ती येशूने चिखल कालवला त्याच दिशेची आहे.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य या चर्चेत आणायलाच हवे. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, 1882 मध्ये लग्नाला दोन वर्षेही होण्याआधी पती गेले. ख्रिस्ती विश्वास त्यांनी 1883 मध्ये स्वीकारला. पुढे 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिथे गेल्या आणि शेकडो मुली व विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून उभे राहिले. उपाशी मुलीच्या डोळ्यांत काय असते हे त्यांना कुणी सांगावे लागले नव्हते. त्या स्वतः तशी मुलगी होत्या. यालाच आध्यात्मिक वाढ म्हणायचे असेल तर मला शब्द मान्य आहे : स्वतःच्या जखमेमुळे दुसऱ्याची जखम ओळखू येणे, आणि ती ओळखल्यावर उठून जाणे. पण म्हणून देवाने रमाबाईंना घडवण्यासाठी त्यांच्या आईला उपाशी मारले, असे म्हणायची कुणाची छाती आहे? त्या माउलीचे मरण कुणाच्या शिक्षणाचा धडा नव्हते. आणि इतके करूनही रमाबाईंना सूट मिळाली नाही. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली, दुसऱ्याच वर्षी त्या स्वतः गेल्या.

कुणी म्हणेल, दुःखातून माणूस प्रगल्भ होतो हे तर देव न मानणाऱ्यांतही दिसते, मग यात ख्रिस्ती विश्वासाचे वेगळे ते काय? बरोबर आहे. धीर, समंजसपणा, करुणा यांवर कोणत्याही धर्माचा मक्ता नाही. म्हणूनच मी वाढ आणि आशा यांत फरक करतो. वाढ व्हायला वेळ लागतो, शरीरात आणि मनात थोडे त्राण लागते. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्याची, चार दिवसांत गेलेल्या बाळाची, वेदनेने विचारच करता येत नाही अशा रुग्णाची कसली वाढ? देवाचे आपल्याशी नाते वाढीवर ठरत असेल तर ही सगळी माणसे बाहेर राहतात. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय इथे फार प्रामाणिक आहे. विश्वासाने कुणी सिंहांची तोंडे बंद केली, कुणी तलवारीच्या धारेतून निसटले, असे सांगता सांगता तो मध्येच वळतो आणि म्हणतो, इतरांचे हाल झाले, त्यांना दगडमार झाला, करवतीने चिरले, तलवारीने मारले. विश्वास दोघांचा सारखाच. एकाची सुटका झाली, दुसऱ्याची नाही, आणि लेखकाने दुसऱ्याचे नाव यादीतून काढले नाही.

ख्रिस्ती आशेचा आधार मग कुठे आहे? देवाने दुःखाचे कारण सांगितले यात नाही. बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या निर्दोष ईयोबाला शेवटपर्यंत कारण सांगितले जात नाही. 1755 मध्ये 1 नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च भरलेली असताना लिस्बन भूकंपाने कोसळले, त्याचेही कारण कुणी ईश्वरशास्त्री समाधानकारक देऊ शकलेला नाही, आणि मी देणार नाही. आधार आहे तो येशूच्या वधस्तंभावरच्या आक्रोशात : माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? नाझी तुरुंगात असलेल्या डीट्रिख बोनहॉफर या जर्मन पाळकाने, म्हणजे धर्मगुरूने, 1944 च्या जुलैत एका पत्रात लिहिले की, दुःख भोगणारा देवच आपल्याला मदत करू शकतो. 9 एप्रिल 1945 रोजी त्याला फाशी दिले. ज्या देवाने तो त्याग, तो एकाकीपणा स्वतः भोगला, तो माणसाच्या अगदी शेवटच्या पायरीवरही गैरहजर नाही, एवढा हा विश्वास आहे. त्याच्या जोडीला पुनरुत्थानाचे वचन आहे, आणि तिथेही शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला दाखवायला येशूच्या हातांवरचे व्रण शिल्लक आहेत. जे झाले ते झालेच नाही असे ही आशा सांगत नाही. तोच शेवट आहे, हे मात्र ती मान्य करत नाही.

हे बुद्धीला पटेलच असा माझा आग्रह नाही. ज्याला पटत नाही त्याने नाकारावे, पण नाकारताना खरी गोष्ट नाकारावी; ‘देव जे करतो ते चांगल्यासाठी’ या स्वस्त वाक्याला ख्रिस्ती विश्वास समजून नव्हे. आणि ते वाक्य मंडळींतून इतक्या सर्रास बोलले जाते की टीकाकारांची चूक म्हणण्याआधी आपण आपल्याकडे पाहायला हवे. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर एक शब्द न बोलता बसले, तेव्हा ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि अध्यायच्या अध्याय देवाची बाजू मांडली. त्यांची बरीच वाक्ये सुटी काढली तर कुठल्याही रविवारच्या उपदेशात शोभतील. शेवटी देवाचा राग पेटला तो त्यांच्यावर. देवाला जाब विचारणारा, जन्मदिवसाला शाप देणारा ईयोब यथार्थ बोलला असे देवानेच म्हटले, आणि त्या मित्रांसाठी प्रार्थना करायचे काम त्याच्याकडे आले.

बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, आशेची एकही ओळ शेवटी जोडलेली नाही. ज्यांनी ते पवित्र शास्त्रात ठेवले त्यांना ती ओळ जोडण्याची गरज वाटली नाही. आपल्या उपासनेत ही स्तोत्रे किती वेळा वाचली जातात? प्रार्थनासभेत साक्ष द्यायला पुढे कोण येते? ज्याचा रिपोर्ट चांगला आला तो, ज्याला नोकरी मिळाली तो. केमोथेरपी चालू असलेली बाई डोक्याला रुमाल बांधून मागच्या बाकावर बसते आणि सभा संपायच्या आधी उठून जाते, कारण दारात चार जण तिला धीर द्यायला उभे असतात. तिला पुढे बोलवावे, अर्थात तिची इच्छा असेल तर. काय बोलायचे ते आधी ठरवून देऊ नये. ती रडली, देवावर रागावली, किंवा ‘मला यातले काही समजत नाही’ एवढेच म्हणून बसली, तर पाळकांनी लगेच माइक हातात घेऊन त्याला गोड शेवट लावू नये. ते अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आहे तसे वाचावे, मंडळीने आमेन म्हणावे, आणि पुढच्या आठवड्यात तिला दवाखान्यात कोण घेऊन जाणार हे तिथेच ठरवावे.